शेट्ये बाईंची मोजणी

शेट्ये बाईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी चाळीस होतो. पहिल्यांदा त्यांच्या समोरून पळालो तेव्हा माझ्या छातीवर चाळीस नंबरचं कापड होतं, एवढंच त्याचं कारण. पुढे प्रत्येक स्पर्धेत नंबर बदलला, मी पळणं सोडलं, डोक्यावरचे केस गेले, पोट आलं, तरी गिरगावात भर रस्त्यात हाक यायची, ‘चाळीस, जरा थांब.’ लोक वळून बघायचे. माझ्या लग्नाला आल्या तेव्हा बायकोचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘हा शेवटच्या फेऱ्यांत ढिला पडतो हं. लक्ष ठेव.’

परळ, लालबाग, काळाचौकी या पट्ट्यात मैदानावर उतरलेल्या दोन पिढ्या बाईंनी अशा नंबरांनी लक्षात ठेवल्या होत्या. कोण कुठल्या चाळीतला, कुणाचा बाप गिरणीच्या कुठल्या खात्यात होता, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकशेसात म्हणजे वळणावर खांदा पाडणारा. एकोणीस म्हणजे पहिल्या तीन फेऱ्यांत सगळा जीव उधळणारी. आणि बासष्ट म्हणजे सुरेश मेस्त्री, त्याच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे. खरं तर त्याच्याबद्दल आणि बाईंबद्दल जे लिहायचं आहे तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला बसलोय. पण आधी बाई कळायला हव्यात, नाहीतर माझ्या गुन्ह्याचं वजन कळणार नाही.

बाई स्वतः कधी शंभर पावलं पळाल्या असतील असं वाटत नाही. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. एकदा शाळेच्या मुलींना घेऊन आंतरशालेय स्पर्धेला आल्या, फेऱ्या मोजणारा माणूस आला नव्हता, पंचांनी ‘बाई, तेवढं बसता का?’ विचारलं आणि बाई बसल्या. त्या पुढची सव्वीस वर्षं तिथून उठल्या नाहीत. खोताच्या वाडीतल्या घरून स्वतःचं लाकडी स्टूल घेऊन यायच्या, कारण मांडववाल्याच्या खुर्चीत माणूस मागे रेलतो आणि रेलला की झोपतो, हे त्यांचं मत. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, तोंडात आवळासुपारीचा तुकडा. शर्यत चालू असताना पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. पेला तोंडाला लावला की डोळे क्षणभर वर जातात, आणि तेवढ्यात एक जण निसटतो, म्हणायच्या.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत फेऱ्या मोजणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. आमच्या परळच्या मैदानावर फक्कीने आखलेला ट्रॅक दोनशे मीटरचा. म्हणजे पाच हजार मीटरला पंचवीस फेऱ्या. तीसेक जण एकदम सुटायचे. आठ-दहा फेऱ्या झाल्या की पुढचे मागच्यांना गाठायचे, मग कोण पहिला आणि कोण शेवटून पहिला, हे बघणाऱ्याला सांगता यायचं नाही. नुसती एक फिरती माळ. त्यात प्रत्येक मोजणाऱ्याच्या वाट्याला तीन-चार जण, आणि प्रत्येकाची फेरी वेगळी. बाईंच्या वाट्याला आलेल्यांबद्दल कधी वाद झाला नाही. कुणी कुरकुरलाच तर मुख्य पंच विचारायचे, ‘बाईंनी म्हटलंय ना?’ की संपलं. बाईंना मैदानावर मानधन नव्हतं, फोटोत जागा नव्हती. होतं ते ‘बाईंनी म्हटलंय ना?’ हे एक वाक्य. आणि एवढ्या एका वाक्यावर ती बाई राणीसारखी बसायची.

एका वर्षी स्पर्धेच्या यजमानांचा पुतण्या पळत होता. मध्येच तो पाण्याच्या टाकीमागे गेला, दोन फेऱ्यांनी ताजातवाना होऊन बाहेर आला आणि तिसरा आला म्हणून हात वर करून उभा राहिला. बाईंनी त्याला तेवीस धरल्या. यजमान स्वतः चालत आले, गळ्यात हार तसाच. फार गोड बोलले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘दोन फेऱ्या टाकीमागे राहिल्यात त्याच्या. आणून द्या, लगेच लिहिते.’ सगळं मैदान हसलं, शेवटी यजमानही हसले. पुतण्या सोडून.

पण बाई नुसत्या मोजायच्या असं समजू नका. स्टुलावर बसून त्यांना शर्यत जेवढी दिसायची तेवढी आमच्या प्रशिक्षकांना उभं राहून दिसत नव्हती. ‘पुढचा पळतो, मागचा मोजतो,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणजे असं, की जो पुढे असतो तो वारा खातो, वेग ठरवतो, मागे कोण किती दमलाय याच्या शंकेत अर्धा होतो. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. तो श्वास मोजतो, पावलं मोजतो, फेऱ्या मोजतो, आणि कधी निघायचं ते ठरवतो. ‘पुढे राहून जिंकणारे असतात,’ त्या म्हणायच्या, ‘पण ते जन्माला यावे लागतात. तुम्ही आपले मोजा.’

वळणावर कुणाला ओलांडायचं नाही, हे सगळेच प्रशिक्षक सांगतात. का, ते मला बाईंनी सांगितलं, तेही त्यांच्या घरी. मी तेव्हा प्रत्येक वळणावर बाहेरून मुसंडी मारायचो आणि शेवटी ढेपाळायचो. त्यांनी फडताळातून स्टीलची ताटली काढली, काठाला रिळाचा दोरा लपेटला आणि कातरीने कापला. मग ताटलीपासून एक बोट अंतर सोडून त्याच दोऱ्याचा दुसरा वेढा जमिनीवर मांडला, तो कापला. दोन्ही दोरे शेजारी ठेवले. दुसरा सहा बोटं लांब. मग मोठी परात काढली. परत तेच. ताटली असो की परात, एक बोट बाहेर गेलं की सहा बोटं जास्त.

‘आता हातभर बाहेरून पळ,’ बाई म्हणाल्या, ‘एका फेरीत सहा हात. पंचवीस फेऱ्यांत दीडशे हात. ते कुणी सांगितलेत तुला पळायला?’

मी तो जास्तीचा सहा बोटांचा तुकडा कापून पाकिटात घालून आणला. त्या मोसमात माझी वेळ सुधारली. मोठा धावपटू मात्र मी झालो नाही, तेवढा दम माझ्यात नव्हता.

बासष्टमध्ये होता. सुरेश मेस्त्री काळाचौकीचा, मालवणी, उंचीने कमी, बोलायला त्याहून कमी. बाईंचं शास्त्र अंगात भिनलेला असा तो एकच. शर्यतभर तो आतल्या रेषेला चिकटून चौथा नाहीतर पाचवा असायचा, बघणाऱ्याला वाटावं हा नुसता सोबतीला आलाय. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या की सरळ पट्ट्यावर एकेकाला मागे टाकत जायचा. घंटेची त्याला गरज नसायची. तो स्वतः मोजायचा.

त्या वर्षीची आमची निवड स्पर्धा. पहिले तिघे राज्य स्पर्धेला जाणार होते. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, मांडीचा स्नायू फाटल्यामुळे मैदानाबाहेर, आणि पंचांची परीक्षा देऊन त्या बाजूला जायच्या विचारात. बाईंचं उजवं मनगट मोडून प्लास्टरमध्ये होतं. लिहिता येत नव्हतं. म्हणून बाई तोंडाने नंबर पुकारणार आणि मी कागदावर त्या नंबरापुढे रेघ मारणार, असं ठरलं. बाईंनीच माझं नाव सुचवलं होतं. ‘चाळीस बसेल माझ्याजवळ,’ म्हणाल्या.

आमच्या वाट्याला तिघं. बासष्ट, सतरा आणि तेहतीस. बार झाला, सगळे सुटले, पहिली फेरी पुरी करून घोळका धडधडत समोरून गेला आणि बाई भराभर म्हणाल्या, ‘लाभ बासष्ट. लाभ सतरा. लाभ तेहतीस.’

मी रेघ मारली नाही.

का नाही मारली? मला वाटलं, घोळक्यात आपले तिघेही आहेत हे बाई बघून घेताहेत आणि शुभ म्हणून काहीतरी म्हणताहेत, वहीच्या डोक्यावर श्री लिहितात तसं. पुढच्या वेळी त्या नुसतं ‘बासष्ट’ म्हणाल्या आणि मी पहिली रेघ मारली. मग शेवटपर्यंत एकही चुकवली नाही.

मेस्त्री त्या दिवशी देखणा पळाला. तेविसाव्या फेरीला सहावा होता, रेषेवर आला तेव्हा तिसरा. बाई मोठ्याने म्हणाल्या, ‘बासष्ट, पंचवीस, झालं.’ तो थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, मग मातीत बसला. मुख्य पंच कागद बघायला आले. त्यांनी रेघा मोजल्या. चोवीस होत्या. परत मोजल्या. चोवीस.

बाई म्हणाल्या, पंचवीस झाल्यात. पंचांनी कागद पुढे केला. चष्मा घामाने धुरकटला होता, बाईंनी तो पुसलाही नाही. माझ्याकडे वळून विचारलं, ‘चाळीस, मी म्हटलेली प्रत्येक फेरी लिहिलीस ना?’

त्या क्षणी मला आठवलं. तो पहिला घोळका आठवला, आणि हातातलं पेन हललं नव्हतं हे आठवलं. पुढ्यात मुख्य पंच उभे होते, ज्यांच्या हाताखाली मला परीक्षा द्यायची होती. मेस्त्रीच्या मागून चौथा आलेला मुलगा आमच्या क्रीडा मंडळाचा होता. यातलं कुठलं कारण मोठं, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलोय. दोन्ही होती. मी म्हणालो, ‘हो बाई.’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. विश्वास ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग पंचांकडे वळून म्हणाल्या, ‘मग माझंच चुकलं.’

मेस्त्रीला उठवलं, एक फेरी राहिलीय सांगितलं. तो उठला आणि पळाला. पाय आखडले होते. तो सहावा धरला गेला. आमच्या मंडळाचा मुलगा राज्याला गेला. सतरा आणि तेहतीस तसेही मागे होते, त्यांच्याकडून कागदाप्रमाणे फेऱ्या पुऱ्या करून घेतल्या. सतरा नंबरवाला, विमा कार्यालयातला एक जाडसर गृहस्थ, धापा टाकत मला म्हणाला, ‘काय रे, मैदान लांबवलंत की काय आज?’ आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

आठवड्याने आईबरोबर लालबागला मिरची आणायला गेलो होतो, वर्षाचा मसाला करायचा होता. म्हातारा मिरचीवाला ताजव्यात एकेक किलो जोखून पोत्यात टाकत होता आणि तोंडाने म्हणत होता, ‘लाभ... दोन... तीन... चार...’

मी विचारलं, ‘एक कुठे गेला?’

‘एक नाय म्हणायचा,’ तो म्हणाला. ‘पहिला माप लाभ. एक म्हटला तर धंदा एकावरच राहतो.’

बाईंच्या वडिलांचं गिरगावात भुसाराचं दुकान होतं. त्या लहानपणापासून मापं मोजणाऱ्यांत वाढलेल्या. आमच्या घरी रेशनच्या पिशवीत जे येईल ते येई, मापाची भाषा मला कुठून माहीत असणार? पोत्याशेजारी उभा राहून मला ठसका लागला. आईला वाटलं मिरचीचा.

एवढं कळल्यावर त्याच संध्याकाळी गिरगावात जायला हवं होतं. गेलो नाही. आधी परीक्षेचा निकाल लागू दे म्हटलं. मग पहिली स्पर्धा होऊ दे. मग इतकी वर्षं झाली की आता सांगून उपयोग काय, असं म्हणता येऊ लागलं. मी पंच झालो, तांत्रिक समितीवर गेलो. बाईंना कुणी काढलं नाही. पुढच्या वर्षी बोलावलं नाही एवढंच. नंतर फेऱ्या आपोआप मोजणाऱ्या, बुटाला बांधायच्या चिप आल्या, कुणाची आठवण काढायचं कारण उरलं नाही. मेस्त्री दुसऱ्या वर्षी राज्याला गेला, पदक घेऊन आला, पालिकेत नोकरीला लागला. त्याचं फार बिघडलं नाही, असं मी मनाशी धरून होतो.

बाईंचं काय बिघडलं ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं. गिरगावात भाचीबरोबर भेटल्या, चाळीस म्हणून हाक मारली, घरी चल म्हणाल्या. वयाची ऐंशी गाठलेली, पण पाय खणखणीत. घरी भाचीने डबीतून त्यांच्या गोळ्या काढून तळहातावर ठेवल्या. मी सहज म्हणालो, बाई, तुम्हाला कशाला कुणी मोजून द्यायला हवं?

‘नको रे,’ त्या म्हणाल्या. ‘मोजायचं असेल तिथे मी हात घालत नाही. एका मुलाला मी एक फेरी आधी बसवला होता, तुला आठवत असेल. तेव्हापासून भरवसा गेला.’

भाची हसत म्हणाली, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मावशी मला विचारते.

मग मी सांगितलं. लाभपासून मिरचीवाल्यापर्यंत, आमच्या मंडळाच्या मुलासकट सगळं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती. बाई ऐकत होत्या. झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

‘म्हणजे पंचवीस झाल्या होत्या?’

‘हो बाई.’

‘ती डबी दे इकडे,’ त्या भाचीला म्हणाल्या. डबी मांडीवर घेतली, झाकण लावलं आणि मग माझ्यावर उखडल्या. ‘रेघ राहिली त्याचं काही नाही,’ म्हणाल्या, ‘माणूस चुकतो. पण बावीस वर्षं मी माझ्याच घरात दुसऱ्याला विचारून शिट्ट्या मोजल्या, त्या कुणाकडून परत मागू?’  बऱ्याच वेळाने त्या शांत झाल्या.

‘बासष्टला सांगितलंस?’

‘नाही.’

‘मग इथे काय बसलायस?’

मेस्त्री काळाचौकीच्या मैदानात पोरांना सराव देत होता. शिट्टी तोंडात तशीच ठेवून त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं होतं हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं.

‘बाईंनी थांब म्हटल्यावर मी पण पंचवीसच धरल्या होत्या,’ तो म्हणाला. ‘मग बाईच चुकलं म्हणाल्या, तर मला वाटलं मी पण चुकलो. नंतर कितीतरी शर्यतीत मधेच शंका यायची, च्यायला, बरोबर मोजतोय ना?’ शिट्टी वाजवून त्याने पोरांना थांबवलं. ‘म्हणजे त्या दिवशी मी सव्वीस पळालो.’

‘हो.’

‘मग कुठंतरी लिही तसं. फुकट कशाला जाऊ दे.’

मी संघटनेला पत्र लिहिलं. पाठवण्याआधी बाईंना दाखवलं. त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि ‘गैरसमजातून’ हा शब्द खोडून वर ‘खोटं बोलल्यामुळे’ लिहिलं. समितीत एक-दोघे म्हणाले, इतकं जुनं कशाला उकरता? मी राजीनामा सोबत जोडला होता. तो मंजूर झाला, आणि पत्र पुढच्या स्पर्धेत माइकवरून वाचायचं ठरलं.

त्या स्पर्धेला बाई आल्या. मेस्त्री त्यांना टॅक्सीने घेऊन आला होता. पत्र वाचून झाल्यावर शाल-श्रीफळ पुढे आलं, तर म्हणाल्या, हे असू दे, मला बसायला जागा द्या. मुलींची पाच हजार मीटरची शर्यत होती. प्रत्येकीच्या बुटाला चिप, रेषेवर ती चिप टिपणारी चटई, बाजूला फेऱ्या दाखवणारा मोठा फलक. पंचांनी बाईंची खुर्ची फलकासमोर ठेवली. बाईंनी मेस्त्रीकडून ती वळवून घेतली, फलकाला पाठ करून.

बाई मागच्या वर्षी गेल्या. शेवटच्या दिवसांत आमची भेट झाली नाही, म्हणून मला आठवतो तो हाच दिवस. मुली वळणावरून येत होत्या, पुढच्यांनी मागच्यांना गाठलं होतं, माळ झाली होती. बाई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, पाठ ताठ, मांडीवर कागद नाही की पेन नाही, नुसते ओठ हलत होते. मी जवळ गेलो. आता आपल्यात बोलण्यासारखं काहीतरी झालंय, असं मला वाटत होतं. ‘बाई,’ म्हणालो. त्यांनी माझ्याकडे न बघता हाताचा तळवा माझ्यापुढे धरला. गप्प. मुली समोरून धडधडत गेल्या तरी तो हात खाली आला नाही.

ती कितवी फेरी होती, मला ठाऊक नाही. बाईंना ठाऊक होतं.